माक्याच्या तेलाची जागा

दुकानात माक्याच्या तेलाच्या जागी आज शांपूच्या पुड्या लटकत होत्या. ते तेल आमच्या आळीत फक्त माझी बायको लावायची. वासच असा उग्र, दुसरं कोण घेणार? ती गेली आणि मी ते न्यायचं बंद केलं. टकलावर काय चोळणार?

"संगीता, तेल कुठं गेलं?" मी दुकानवालीला विचारलं.

"आबा, आता मी काही मागवत नाही. कॉम्प्युटरच मागवतो."

मग तिनं समजावलं. बाटली विकली की मशीन टुक करतं आणि शिल्लक एकानं उतरते. शिल्लक कमी झाली की गोदामाला आपोआप निरोप जातो, तिथून कंपनीला. त्याच अंदाजानं तिकडं माल बनतो आणि इकडं टेम्पो भरतो. खपलंच नाही, तर पडलेला माल परत जातो आणि नवा येत नाही.

नातेवाइकांना मी एकेकाला फोन करून सांगितलं होतं, बाई गेली म्हणून. त्या कारखान्याला कुणीच सांगितलं नाही, तरी कळलं. एक गिऱ्हाईक कमी झालं, एवढंच कळलं म्हणा. त्यांची ती कोण लागत होती?

"एक बाटली मागव," मी म्हणालो.

"कुणाला हवीय, आबा?"

"मलाच. घरात नुसती उघडून ठेवीन."

तिनं कीबोर्ड पुढं ओढला. "मागवते. पण ही विकली की हा कॉम्प्युटर लगेच दुसरी मागवेल हं."

"मागवू दे," म्हटलं.