गोठ्यातला नंदी

आणीबाणी होती. आमच्या कवठे येमाईत माणसं एकमेकांना "काय चाललंय?" असंही विचारेनाशी झाली होती. अशात दारात नंदीबैलवाला आला. बाकीच्यांनी पोरीचं लग्न जमंल का, म्हशीला रेडी होईल का, असलं विचारलं. माझे सासरे, आबा, यांच्या जिभेला हाड नव्हतं. त्यांनी भर अंगणात विचारलं, "नंद्या, हे सरकार पडंल का रं?" गुबगुबी वाजली आणि बैलाने झुलीसकट मान डोलावली, होय.

अंगण क्षणात रिकामं झालं. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. सरकारी पगार आणि दारात सरकारविरोधी बैल! यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हा बैल आता बाहेर सोडायचा नाही," ते म्हणाले. पुढच्या गावात त्याने पुन्हा तशीच मान डोलावली आणि मालकाने आमचं घर दाखवलं, तर नोकरी जाईल आणि आबा आत जातील, अशी यांना धास्ती. बैल आणि मालक, दोघंही आमच्या गोठ्यात कोंडले गेले.

भाकरी मी नेऊन देत असे. एकदा मालकाने विचारलं, "वैनी, मी पावना हाय का कैदी?" मी त्याच्या भाकरीवर चटणी वाढली आणि बाहेर येऊन गोठ्याला कडी घातली. घरालाही यांनी भरदिवसा कडी घालायला सुरुवात केली होती.

बैलाला नकार शिकवायचा, हा यांचा उपाय. शाळा सुटली की छडी घेऊन गोठ्यात जायचे आणि विचारायचे, "सरकार पडेल का?" बैल मान डोलवायचा. मालक वेसण धरून त्याची मान आडवी हलवायचा. पुन्हा "सरकार पडेल का?" आवाज चढत जायचा. आबांनी एकदाच विचारलं होतं. हे रोज सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारत होते. मी तसं म्हटलं, तर "तू हळू बोल!" म्हणून माझ्यावरच ओरडले. अखेर बैल शिकला. काहीही विचारलं तरी तो नाही म्हणू लागला.

आणि एका दुपारी हवालदार आला. हे भिंतीला टेकले. आबांनी गुपचूप पायात वहाणा चढवल्या. हवालदाराने आम्हाला गोठ्यात नेलं आणि दार लोटलं.

"मास्तर, ह्यो बैल खरं सांगतो म्हनं," तो कुजबुजला. मग बैलाच्या कानाशी वाकला. "सायबानं माज्या मागं मानूस लावलाय का रं?"

बैलाने मान आडवी हलवली. हवालदाराच्या जिवात जीव आला, आणि आमच्याही.

"मी हितं आलोच नव्हतो. ध्यानात ऱ्हाईल ना?" त्याने सगळ्यांकडे बघत विचारलं. आबा, हे, मी आणि मालक, चौघांनी माना डोलावल्या. बैलाने आडवी हलवली.

हवालदार त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने आतून कडी घातली, टोपी काढून मांडीवर घेतली आणि कडब्याच्या पेंढीवर बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्यो बैल बाहेर सोडता यायचा न्हाई."