अकरा सरळ, एक वाकडा

जालन्याच्या मस्तगडात लग्न ठरलं की मुलीच्या बापाला आधी भटजी आठवतात की भुजंगराव, यावर अजून एकमत झालेलं नाही. भुजंगरावांचा मंडपाचा धंदा बावीस वर्षांचा. एवढ्या वर्षांत त्यांच्या डोळ्याला एक रोगच जडला आहे. कुठलीही वस्तू दोन बोटं तिरपी दिसली की माणसाच्या पोटात कळ यावी तसा त्यांचा चेहरा होतो. कोणाकडे चहाला गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात आणि मग बसतात. सख्ख्या मेहुणीच्या लग्नात अक्षता पडत असताना हे कनातीची दोरी आवळत होते. त्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एकाच फोटोत सापडतात, तेही पाठमोरे.

अर्पिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. यंदा पाचवीत आहे. शाळेला ज्या दिवशी सुट्टी, नेमक्या त्याच दिवशी जगाची लग्नं. त्यामुळे तिच्या वाट्याला बाप बहुतेक त्या अल्बमसारखाच आलेला, पाठमोरा आणि खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेला. शाळेच्या गॅदरिंगला ती नाचली तेव्हा भुजंगराव हजर होते. पण मंडप त्यांचाच असल्यामुळे ते स्टेजच्या मागे बांबू धरून उभे होते.

म्हणून शाळेच्या सुमेधाबाईंनी फक्त वडील आणि मुलांसाठी दोन दिवसांचं शिबिर काढलं, तेव्हा अर्पिताने फॉर्म स्वतःच भरला आणि सही करायला बापासमोर ठेवला.

"पप्पा, शनिवार-रविवार. येताय का न्हाई, आत्ताच सांगा."

"माय, शनिवारी जुन्या जालन्यात मोठं लग्न हाय गं..."

स्वयंपाकघरातून अर्पिताच्या आईचा, संध्यावहिनींचा आवाज आला, "लग्न भिवादादा बघतील. त्यांना मंडप बांधता येतो. तुमच्या पोरीचा बाप होता येत न्हाई."

भुजंगरावांनी मुकाट्याने सही केली. पण अर्पिताचं अजून संपलं नव्हतं.

"तिथं मंडपवाले व्हायचं न्हाई. झालात तर मी वर्गातल्या सुमितच्या पप्पांपाशी जाऊन बसन. दोन्ही दिवस."

"बिलकुल न्हाई होणार."

निघायच्या सकाळी तिने बापाची पिशवी तपासली. त्यातून एक हातोडा आणि दोराची दोन बंडलं निघाली. स्वेटरच्या खिशात मोजपट्टी होती.

"हे काय?"

"सवय हाय, माय," भुजंगराव म्हणाले, आणि ते सगळं घरीच ठेवून चोरी पकडली गेल्यासारखे बसमध्ये चढले.

शिबिर केदारखेड्याच्या पुढे, एका शेतातल्या चिंचांच्या सावलीत होतं. आम्ही बारा बाप आणि बारा पोरं. प्रत्येक जोडीला एकेक गुंडाळलेला तंबू मिळाला. सुमेधाबाईंनी शिट्टी वाजवली आणि आमची अब्रू जायला सुरुवात झाली. अण्णासाहेब कॉलेजात हेडक्लार्क. सगळं कॉलेज त्यांच्या शेऱ्यावर चालतं. त्यांनी तंबूचं माहितीपत्रक तीनदा वाचलं आणि तंबू स्वतःच्या अंगावर घेऊन खाली बसले. त्यांचा सुमित बाहेरून ओरडत होता, "पप्पा, दार तिकडं हाय!"

भुजंगराव दोन्ही हात खिशात घालून उभे होते. अर्पिताने त्यांच्यासाठी एका चिंचेजवळची जागा निवडली. खुंट्या ठोकायला चांगले दगड आणते म्हणून ती ओढ्याकडे गेली. जाताना सांगून गेली, "इथंच थांबा."

ते थांबले. माझ्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं थांबले. मग अण्णासाहेबांच्या तंबूने पुन्हा लोळण घेतली आणि भुजंगरावांचे हात खिशातून बाहेर आले.

"जरा सरका, अण्णासाहेब."

पुढचं बघण्यासारखं होतं. अण्णासाहेबांचा तंबू तीन मिनिटांत उभा राहिला. त्याच्या ओळीत शेजारचा आणायला नको का? तो आणला. मग त्याच्या शेजारचा. दगड घेऊन अर्पिता परत आली तेव्हा ते पाचव्या तंबूत होते. "आलोच, माय!" असं तिथूनच ओरडले. ती दगड मांडीवर घेऊन आपल्या गुंडाळलेल्या तंबूपाशी बसली. पाऊण तासात अकरा तंबू एका रेषेत उभे झाले. इतके सरळ, की आता तिथे फक्त नवरदेवाची घोडी यायची बाकी होती. आम्ही सगळ्या बापांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी वाजवल्या नाहीत. त्यांना करायला काही उरलंच नव्हतं.

सुमेधाबाई पाणी भरून आल्या आणि बघतच राहिल्या.

"भुजंगराव, हे तंबू प्रत्येकाने आपल्या लेकराबरोबर उभे करायचे होते. तोच तर खेळ होता!"

"झालं की, बाई," भुजंगराव घाम पुसत म्हणाले. "आन् खर्चा बी काही न्हाई."

बाईंनी अकराही तंबू पाडायला आणि लेकरांबरोबर पुन्हा उभे करायला लावले. भुजंगराव पाडायच्या कामालाही सगळ्यांच्या पुढे धावले. तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा." त्यांना असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. बसायचं कुठे हे शोधत ते आपल्या चिंचेकडे वळले, तर तिथे दगड होते आणि तंबू होता. अर्पिता नव्हती.

ती अण्णासाहेबांच्या सतरंजीवर बसली होती.

भुजंगराव तिथे गेले. "चल माय, आपला लावू."

"लावा ना," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्हाला कोन लागतं?"

अण्णासाहेबांना एकदम माहितीपत्रक वाचायची आठवण झाली. भुजंगराव आले तसे परत गेले. तंबू उलगडून त्यांनी एक काठी उचलली, आणि मी मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस तीन मिनिटांत बारावा तंबू उभा करणार. त्यांनी काठी खाली ठेवली. बराच वेळ ते त्या दगडांकडे बघत बसले. दगड खरोखर चांगले होते, एका बाजूने चपटे आणि हातात मावणारे. मग सगळ्या शिबिराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली.

"अर्पिताऽऽ! खुंटी कुठं ठोकायची, मला कळंना!"

आमच्यातला एकही बाप हसला नाही. अर्पिता उठली, ताडताड चालत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खोटं बोलून राह्यले तुम्ही."

"हो," भुजंगराव म्हणाले. "पन तू सांगशील तिथंच ठोकायची हाय, हे खरं बोलून राह्यलो."

"ठोकणार मी. तुम्ही हात लावायचा न्हाई."

"मंग मी काय करू?"

"ही काठी धरा. आन् हलू नका."

बावीस वर्षं बांबू उभे करणारा माणूस त्या दुपारी स्वतः बांबू झाला. अर्पिता त्यांच्याभोवती फिरत होती. ती खुंट्या उभ्या ठोकत होती. त्या तिरप्या ठोकायच्या असतात, हे आता आम्हालाही कळलं होतं. दर खुंटीला भुजंगरावांच्या तोंडून बारीक आवाज निघे.

"काय?"

"काही न्हाई. खोकला आला."

दोरीला तिने जी गाठ मारली, तिला मंडपवाल्यांच्या भाषेत नाव नसावं. भुजंगरावांनी तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतले. तासाभराने तंबू उभा राहिला. खरं म्हणजे तो लग्नात जिलेबीचा आग्रह फार झालेल्या पाहुण्यासारखा एका अंगावर रेलला.

अर्पिता चार पावलं मागे गेली. "कसा झालाय? खरं सांगा."

भुजंगरावांनी मान वाकडी करून पाहिलं, मग सरळ करून पाहिलं.

"वाकडा हाय."

"किती?"

"हातभर."

तिने हातातला दगड खाली ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "नीट करायचा का तुम्हाला?"

त्यांची बोटं हलली. मी शेजारीच होतो, मी पाहिली. त्यांनी ती काखेत दाबली.

"न्हाई. आत चल. दमलीस तू."

दोघं आत जाऊन आडवे झाले. तंबू इतका कललेला की भुजंगरावांचे पाय घोट्यापासून बाहेर राहिले. आतून अर्पिताचा आवाज येऊ लागला तो थांबेचना. तिचा बाक बदलला होता. गणिताच्या तासाला तिच्या पोटात दुखायचं. प्रियदर्शनी नावाची मैत्रीण तिच्याशी आठ दिवसांपासून बोलत नव्हती. मधेमधे भुजंगराव विचारत, "ही प्रियदर्शनी कोन?" आणि ती त्यांना पहिल्यापासून सांगे.

एवढ्यात पलीकडे धप्पकन आवाज झाला.

"भुजंगराव! ओ भुजंगराव!" कापडाखालून अण्णासाहेब ओरडत होते. "जल्दी या! आमचं छप्पर बसलं!"

बाहेर राहिलेले ते दोन पाय लगेच गुडघ्यात दुमडले आणि टाचा जमिनीत रुतल्या. आतला आवाज बंद पडला. सुमेधाबाईंसकट आम्ही सगळे त्या वाकड्या तंबूकडे बघत होतो.

पाय हळूहळू पुन्हा लांब झाले.

"अण्णासाहेब," आतून भुजंगराव म्हणाले, "आम्ही दोघं बोलून राह्यलो. सुमितला म्हना, खालची दोरी ओढ." आणि मग आवाज उतरवून, "हं माय, मंग? प्रियदर्शनी काय म्हनली?"