डोळे मिटून ओळखायचा डबा

अनुसयाबाई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. आमचे गाव देवळीहून पुलगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. मदतनिसाचे काम ठरलेले असते. सकाळी खोली झाडावी, घरोघर जाऊन लेकरांना बोलावून आणावे, खिचडी शिजवावी, भांडी घासावी आणि कोणी रडले तर त्यास कडेवर घ्यावे. शिकवण्याचे काम सेविकेचे. आमच्या सेविका सरिताताई ते मनापासून करीत. परंतु लेकरांना बोलते करण्याचे काम, कोणी न सांगता, अनुसयाबाईंकडे आले होते.

त्यामागे एक कारण होते. त्यांचा मुलगा प्रफुल पहिलीत गेला, तेव्हा गुरुजींनी त्यास विचारले की घरी कोण कोण आहे आणि ते काय करतात. प्रफुलला सर्व ठाऊक होते. ते जोडून कसे सांगावे, हे मात्र ठाऊक नव्हते. तो "माय" एवढेच म्हणाला आणि थांबला. वर्ग हसला. प्रफुल मागच्या रांगेत जाऊन बसला आणि शाळा सोडेपर्यंत तेथेच बसून राहिला. आज तो वर्ध्याला नालवाडीत राहतो, ऑटो चालवतो, त्याचे बरे चालले आहे. तरी अनुसयाबाई त्या गोष्टीचा दोष स्वतःकडेच घेत. त्या म्हणत की तो लहान असताना त्या दिवसभर निंदणाला जात, आणि घरी आल्यावर "जेव", "नीज", "ऊठ" याहून अधिक त्याच्याशी बोलत नसत. घरून शब्दच दिला नाही, तर लेकराने तो आणावा कोठून? म्हणून त्यांनी मनाशी नेम धरला होता की आपल्या अंगणवाडीतील एकही लेकरू पूर्ण वाक्य बोलता आल्यावाचून पहिलीत जाऊ नये.

हे मला ठाऊक असण्याचे कारण आमचा साक्षरता वर्ग. दुपारी लेकरे घरी गेली की त्याच खोलीत आम्हा वयस्कांचा वर्ग भरत असे. मला घरी दुसरे काम नव्हते, म्हणून मी लवकर जाऊन दाराशी बसत असे आणि लेकरांचा शेवटचा खेळ पाहत असे.

तो खेळ डब्याचा होता. आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरची बाई खाऊचा झाकलेला डबा हलवते. आत काय आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे, मग खाऊ मिळतो. अनुसयाबाईंनी ही रीत बारा महिन्यांची करून टाकली होती. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. कधी त्यात फुटाणे असत, कधी शेंगा, कधी मुरमुरे, आणि खाऊ नसेल त्या दिवशी चिंचोके किंवा सरकी. त्या डबा हलवीत आणि लेकरे ओरडत.

"शेंगा!"

"शेंगा काय करून राह्यल्या?"

"वाजून राह्यल्या."

"कुठी वाजून राह्यल्या?"

"डब्यात."

"मंग सांग बरं सारं, एका दमात."

"शेंगा डब्यात वाजून राह्यल्या."

असे झाल्यावरच झाकण उघडे. लेकरू घरचा शब्द बोलले तर त्या तो मोडीत काढीत नसत. हा घरचा शब्द, आता याच्या जोडीला पुस्तकातला घे, असे म्हणून त्या दोन्ही पाठ करून घेत. एकदा आमच्या वर्गातील यशोदाबाईंच्या नातवाने डब्यात उंदीर आहे असे पूर्ण वाक्यात ठासून सांगितले. अनुसयाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "वाक्य बरोबर हाय बाबू. आता झाकन तूच उघड." तो दाराबाहेर पळाला. वर्गासाठी जमलेलो आम्हीही हसलो.

तीन वर्षांची झाल्यावर आचल या खेळात आली. ती नलूची मुलगी. नलू रोजाने कामाला जाई, आणि आचल आजीजवळ असे. मुलगी गोड होती, हसरी होती. सर्व बसले की बसे, सर्वांनी हात जोडले की जोडी. फक्त ती बोलत नसे. डबा हलला की ती इतर लेकरांच्या तोंडाकडे पाही, आणि सर्वांचे बोलून झाल्यावर हळूच "दाने" म्हणे. डब्यात काहीही असो, तिचा शब्द तोच. तोही नीट उमटत नसे.

गावातील बायांनी नलूला धीर दिला. कोणी म्हणाले, हिचा बापही उशिरा बोलला. कोणी पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालायला सांगितले. नलूने तोही मिळवून घातला. सरिताताईंनी आचलला दवाखान्यात दाखवण्याचे एकदा सुचवले होते, पण तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते आणि ती गोष्ट तशीच राहिली. अनुसयाबाईंना मात्र दवाखान्याची गरज वाटली नाही. त्यांच्या मते मुलगी हट्टी होती आणि आयते बोलायला शिकली होती.

"दुसऱ्याच्या तोंडातून उचलते," त्या मला म्हणाल्या. "सोताचं डोकं नाई लावत. तानबाभाऊ, पुढच्या जूनले हे पोरगी पह्यलीत जाईन, अन माह्या प्रफुलवानी मांगं बसन."

जून अजून दूर होता, तरी त्यांना त्याची घाई झाली होती. म्हणून त्यांनी खेळात नवा नियम आणला. डबा हलवताना सर्वांनी डोळे मिटायचे. "डोये मिटा, अन कानानं पाहा," असे त्या म्हणत. नियम सर्वांना होता, पण तो केला होता एकट्या आचलसाठी. इतर लेकरांना मौज वाटली. आचल प्रथम डोळे उघडे ठेवून इकडेतिकडे पाही. मग अनुसयाबाई तिच्याजवळ जात आणि स्वतःच्या तळहाताने तिचे डोळे झाकीत. हळूहळू ती शिकली. डबा दिसला की सर्वांच्या आधी तीच डोळे मिटू लागली. त्या दिवसांत तिचा तो एक शब्दही बंद झाला. अनुसयाबाई खेळात तिला खाऊ देत नसत. घरी जाताना मात्र दाराआड तिच्या मुठीत चार फुटाणे कोंबीत, आणि मी पाहिले असे वाटल्यास मान फिरवून घेत.

भुलाबाईचेच दिवस होते. त्या दुपारी लेकरे गेली होती, आम्ही पाट्या घेऊन बसलो होतो, आणि नलू यायची असल्याने आचल मागे राहिली होती. अनुसयाबाईंना वाटले, इतर पोरे नाहीत तर ही बोलेल. त्यांनी तिला खोलीच्या मध्यभागी बसवले. डबा पाहताच आचलने डोळे मिटले. अनुसयाबाई तिच्या पाठीमागे गेल्या. डबा हलवला, विचारले, पुन्हा हलवला. त्यांचे हात भांडी घासून ओले होते. डबा निसटला आणि फरशीवर पडला.

आत चिंचोके होते. पत्र्याचा तो आवाज असा झाला की आमच्या वर्गातील सीताबाईंच्या हातची पाटी खाली आली आणि दारातील कुत्रे भुंकत पळाले. चिंचोके खोलीभर घरंगळत गेले. आचल मात्र हलली नाही. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे घट्ट मिटून, शहाण्या मुलीसारखी डबा हलण्याची वाट पाहत होती.

अनुसयाबाईंनी डबा उचलला आणि तिच्या मागेच उभे राहून तो पुन्हा, जाणूनबुजून, फरशीवर आपटला. आचल तशीच बसली होती. तेव्हा त्या खाली बसल्या.

"तानबाभाऊ," त्या हळू म्हणाल्या, "इले आवाजच नाई जात."

प्रफुल दुसऱ्या दिवशी ऑटो घेऊन आला. नलू, आचल आणि अनुसयाबाई वर्ध्याच्या दवाखान्यात गेल्या. तेथे मुलीला एका बंद खोलीत बसवून तपासले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की तिला फार थोडे ऐकू येते, तेही जवळून आणि मोठ्याने बोलल्यास. कानास मशीन लावता येईल, बोलणेही शिकवता येईल. परंतु भाषा ज्या वयात आपोआप आत उतरते, त्या वयातील बरीच वर्षे निघून गेली आहेत. याहून आधी आणले असते तर बरे झाले असते. मग त्यांनी विचारले की एवढे दिवस हिचे निभले कसे, ही माणसांच्या तोंडाकडे पाहून समजून घेत होती काय. नलूने होकार दिला.

परत येतानाचे बोलणे प्रफुलने मला सांगितले. सेलूकाटे गाव ओलांडल्यावर नलू म्हणाली की बाई, तुम्ही होत्या म्हणून समजले तरी, नाही तर कोणी पाहिले असते?

"म्या रोज पाह्यलं, नलू," अनुसयाबाई म्हणाल्या. "अन रोज तिचे डोये मिटवले."

प्रफुलने आईची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. तुला कसे कळणार, तू काय डॉक्टर आहेस, असे तो म्हणाला. त्यावर त्या म्हणाल्या की डॉक्टर नसलेल्या माणसालाही डबा वाजवता येतो. आपण तो इतके दिवस वाजवला, तो शेंगा ओळखण्यासाठी. त्याच डब्याने लेकराचे कान ओळखता आले असते.

दिवाळीनंतर मशीन आली. डोळे मिटण्याचा नियम अनुसयाबाईंनी वर्ध्याहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद केला होता. लेकरांना तो का बंद झाला हे कळले नाही, आणि काही जण मागे लागले तेव्हा त्यांनी कारण सांगितले नाही. आचलला त्या आपल्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसवू लागल्या. तिच्याशी बोलताना पदर ओठांवर येऊ देत नसत. हिवाळाभर त्या संध्याकाळी नलूच्या घरी जात. "पानी", "भाकर", "आजी" असे एकेक शब्द त्या तिच्या पुढ्यात ठेवीत, आणि शब्द आले की त्यांना जोडू पाहत. आजी काय करून राह्यली? आजी भाकर करून राह्यली. इतर लेकरू जे एका दुपारी उचले, त्यास आचलला महिना लागे. कधी आलेला शब्द पुन्हा निघूनही जाई.

जूनमध्ये ती पहिलीत गेली. गुरुजींना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे ती पुढच्या रांगेत बसली. पहिल्या दिवशी ती "माहं नाव आचल" असे म्हणाली. घरी कोण कोण आहे, हे मात्र तिला सांगता आले नाही. त्याच पावसाळ्यात अनुसयाबाईंची सेवा संपली. निरोपाच्या दिवशी सरिताताईंनी भाषण केले आणि सांगितले की या खोलीतून पहिलीत गेलेले प्रत्येक लेकरू बोलते होऊन गेले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. अनुसयाबाई खाली पाहत राहिल्या.

डबा आता नलूच्या घरी आहे. त्या रोज सायंकाळी तेथे जातात, आणि माझ्या अंगणातून मला तेथील ओसरीवरचे सारे दिसते. आचलच्या कानात मशीन असते, उजेड पुरेसा असतो. तरी अनुसयाबाईंनी डबा हातात घेतला की ती मुलगी आधी डोळे मिटते. तो नियम ती फार कष्टाने शिकली आहे, आणि तो शिकवणाऱ्या माणसाला तो परत घेता येत नाही. डोळे मिटलेल्या त्या मुलीला ओठ दिसत नाहीत आणि नुसत्या मशीनने शब्द कळत नाहीत, त्यामुळे "डोये उघड" हे सांगूनही पोचत नाही. अनुसयाबाई आता सांगत नाहीत. त्या डबा खाली ठेवतात, तिचा हात धरून झाकणावर ठेवतात, आणि ती आपणहून डोळे उघडीपर्यंत थांबतात.