बियांपासून वाढवलेली मेंदी

हिंदी मुलखातल्या दौलतगंज पेठेत राहणाऱ्या शालिनीताईंना कुणी मेंदीची फांदी देऊ केली, की त्या फटकन 'नको' म्हणायच्या. फांदी खोचली तर लवकर रुजते, पण त्यांच्या मते ते जुनंच झाड पुन्हा उभं राहतं. आणि जुनं झाड त्यांनी स्वतःच्या हातांनी मुळासकट उपटलं होतं. म्हणून बाजारातून बी आणायचं, फडक्यात बांधून आठवडाभर भिजवायचं, रोज पाणी बदलायचं, रेतीत कालवून पेरायचं आणि डोळ्यांत तेल घालून कोंबांची राखण करायची. एवढा खटाटोप पुतणीसाठी. माझ्या लग्नात तुझ्याच अंगणातली मेंदी, असं निधीनं लहानपणीच वदवून घेतलं होतं.

त्यांची स्वतःची मुलगी मंजिरी. नऊ वर्षांपूर्वी, त्या जुन्या झाडाची मेंदी तिच्या लग्नासाठी काढताना तिच्या अंगात कणकण होती. "आई, थंडी वाजतेय," ती म्हणाली. मेंदी थंड, ताप ओढून घेईल, असं म्हणत शालिनीताईंनी तळपायांनाही लेप थापला आणि रंग चढेपर्यंत चार तास तिला हलू दिलं नाही. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. दोन दिवसांनी मंजिरी गेली. तिचे तळहात इतके लाल होते, की बायका क्षणभर रडायचं विसरल्या.

गेली म्हणायचं, पण घरातून हलली नाही. नवी झाडं फुलली, की त्या वासात भरदुपारी आवाज येई, "आई, थंडी वाजतेय."

यंदा निधीचं लग्न ठरलं. शालिनीताई पाला वाटून त्याच शहरात मुरारला दिरांच्या घरी गेल्या. दर दोन मिनिटांनी त्या निधीच्या कपाळाला हात लावून बघत होत्या. दोन्ही हात भरले, कुणीतरी पंखा लावला आणि निधीनं अंग आक्रसलं.

"काकू, थोडी ठंड लग रही है."

शालिनीताईंनी कळशी ओढली आणि तिचे हात खसाखसा धुवायला घेतले.

"अहो ताई, हे काय! रंग तरी चढू द्या!" निधीची आई विजयाबाई ओरडल्या.

"नको चढायला. आधी डॉक्टर."

डॉक्टरांनी हसून परत पाठवलं. पंख्याचा गारवा, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी मांडवात नवरीचे फिके हात बघून बायकांनी नाकं मुरडली. शालिनीताईंनी ते हात पोटाशी धरले आणि भरल्या मांडवात त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मंजू, तुझेही असेच धुवायला हवे होते गं मी."