कॉटखालची पुस्तकं

शामराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्याच पुस्तकाची प्रुफं तपासत होतो. दुपारचे चार वाजले असतील. पाचवी आवृत्ती निघणार होती, प्रकाशकाला घाई होती आणि मलाही. एकशेबारावं पान नुकतंच नजरेखालून घालून, कोपऱ्यात ‘ठीक’ लिहून मी उलटलं होतं. फोनवर इंदूवहिनी, शामरावाची बायको. “भावजी, हे गेले...” एवढंच म्हणाल्या. मी काहीतरी बोललो असेन. पण फोन ठेवल्यावर माझा हात आधी गेला तो त्या उलटलेल्या पानाकडे. मित्र गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आली ती भीती, चोरी पकडली गेल्यावर येते तशी. हे लिहायला लाज वाटते, पण शामरावाबद्दल लिहायचं आणि खोटं लिहायचं, हे आता जमणार नाही.

शामराव आणि मी शाळेपासूनचे. तो शाहूवाडीकडच्या एका खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आला, माझ्या बाकावर बसला आणि पुढे इथल्याच एका हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाला. मी बँकेत चिकटलो. त्याला एक खोड होती. माणसाच्या इतिहासावर लोकांसाठी लिहिलेली जाडजूड, चटपटीत पुस्तकं असतात ना, माणूस गुहेतून निघाला कसा, शेतीला लागला कसा, रोगांनी राज्यं बुडवली कशी... तसलं नवीन पुस्तक आलं की हा विकत आणायचा आणि पेन्सिल घेऊन बसायचा. आधी शेवटची पानं उघडायचा, लेखकानं आधार कुठले दिलेत ते बघायला. मग अगदी छातीठोक केलेली तीन विधानं निवडायची आणि त्यांच्या मागे लागायचं. ग्रंथालयं पालथी घालायची, कुणाकुणाला पत्रं लिहायची, महिना लागो की दोन. ज्या विधानाला बूड सापडलं नाही त्याच्या शेजारी समासात एकच शब्द: ‘कशावरनं?’ तीनातली दोन पडली की त्या पुस्तकाला कपाटात जागा नाही, ते कॉटखाली जायचं. रद्दीत मात्र देत नसे. “रद्दीतनं दुसऱ्याच्या घरात जाईल की. ऱ्हाऊ दे हितंच,” म्हणायचा.

रविवारी सकाळी त्याच्या मंगळवार पेठेतल्या घरी, पुढच्या खोलीत आम्ही बसायचो. कॉटवर तो, खुर्चीवर मी, आणि कॉटखाली वाढत जाणारा ढीग. एकदा एका गाजलेल्या पुस्तकात वाक्य आलं की आदिमानवाला मरणाचं भय पहिल्यांदा जाणवलं ते आगीभोवती बसून. “ह्यो बसलावता काय तिथं शेकत?” शामराव ओरडला. आतून वहिनी म्हणाल्या, “हळू बोला, शेजाऱ्यांना भांडण वाटंल.” मी इतका हसलो की बशीतला चहा शर्टावर सांडला.

अशाच एका रविवारी त्यानं मला त्याच्या घराण्यातली गोष्ट सांगितली. प्लेगात गाव रिकामं करून माणसं माळावर झोपड्या घालून राहायची. त्याच्या पणजोबांची आई आंधळी होती, तिला चालवत नव्हतं. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि चार भाकरी ठेवून घरच्यांनी दार ओढून घेतलं... जगातल्या प्रत्येक लेखकाला ‘कशावरनं?’ विचारणारा हा माणूस. त्या दिवशी मी त्याला ते विचारलं नाही आणि त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. घरातली गोष्ट कोण तपासतो?

निवृत्तीनंतर मीही तसलंच एक पुस्तक लिहिलं, माणसाचा इतिहास सोप्या मराठीत सांगणारं. रोगराईच्या प्रकरणात मला ती आंधळी म्हातारी आठवली. एकशेबाराव्या पानावर मी तिला आणलं, गाव गाळलं, घराणं गाळलं, आणि खाली लिहिलं की साथ आली की माणूस आधी आपल्या म्हाताऱ्यांना टाकतो, ही मानवजातीची जुनी रीत आहे. एका घरची गोष्ट मी सगळ्या दुनियेच्या गळ्यात घातली. पुस्तक चाललं. वाचकांची पत्रं यायची ती बहुतेक त्याच पानाबद्दल.

पहिली प्रत शामरावाला दिली होती. तीन आठवडे गेले. मग एक दिवस एसटीतून उतरून, घरीही न जाता, सरळ माझ्या दारात. गावी जाऊन आला होता. तिथं त्याची एक चुलती होती, नव्वदीच्या पुढची. तिला त्यानं विचारलं होतं.

“चुलती म्हणती, कोण म्हणतंय टाकली? धाकटी सून ऱ्हायली हुती की म्हातारीजवळ. गंगू तिचं नाव. पोरं माळावर धाडली आन् ही मागं ऱ्हायली. दोघी बी गेल्या.”

“म्हणजे हे खरं?” मी विचारलं.

“ते बी ऐकीवच हाय, सुध्या. खरं कुठलं ते मला ठावं न्हाय. पण दोन तोंडं दोन गोष्टी सांगत्यात आन् तू एकच छापलीस. चूक माझी बी हाय, मीच न तपासता सांगितली. गंगूच्या दोन ओळी घाल, म्होरं ‘असं सांगतात’ लिही, आन् ती रीतबीत काढून टाक. बास.”

पुढच्या आवृत्तीत करतो, म्हणालो. केलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत नाही, तिसऱ्या नाही, चौथ्याही नाही. गंगूला आणलं की त्या पानाचा दम जात होता. बंद दार आणि आत एकटी म्हातारी, इथं वाचक रडायचा. ‘असं सांगतात’ म्हटलं की ते रडणं थांबलं असतं, आणि मला त्या रडण्याची चटक लागली होती.

मग एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मला तेच पान वाचायला सांगितलं. शामराव तिसऱ्या रांगेत बसला होता. मी वाचलं, टाळ्या झाल्या. बाहेर चपला घालताना तो माझ्याजवळ आला. नेहमीसारखा ओरडला नाही. “गंगूला दुसऱ्यांदा मारलास की रं,” म्हणाला आणि गेला. आमचे रविवार बंद झाले. एकाच गावात आम्ही दोन वर्षं न भेटता काढली. रंकाळ्यावर तो लांबून दिसला तर मी वाट बदलायचो.

त्याला पक्षाघात झाल्याचं कळलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तरी मी गेलो तो पंधरवड्यानं. वहिनी त्याला चमच्यानं पेज भरवत होत्या, हनुवटीवरचा ओघळ पदरानं पुसत होत्या. दवाखान्यातून आणल्यापासून त्या खोलीबाहेर फारशा पडल्याच नव्हत्या, असं त्यांच्या मुलीनं सांगितलं. माणूस माणसाला टाकतो हे मी चार आवृत्त्या ओरडून सांगत होतो, आणि राहणारी बाई माझ्यासमोर बसली होती. शामरावाच्या घशातून नुसती घरघर येत होती. मी त्याचा डावा हात हातात घेतला. “शाम, पाचवी आवृत्ती येतेय. ह्या वेळी गंगू असेल. शब्द देतो.” त्याची बोटं हलली. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान भिंतीकडे वळवली.

आणि तरीही महिन्याभरानं, त्या दुपारी, मी एकशेबाराव्या पानावर ‘ठीक’ लिहिलं. आता तो थोडाच वाचणार आहे, सहाव्या आवृत्तीत बघू... असं मनात म्हटलंसुद्धा. पान उलटलं आणि फोन वाजला.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी बोलावलं. “भावजी, तेवढी कॉटखालची पुस्तकं बघा की. ह्यांच्यामागं मी काय करू त्यांचं?” मी फरशीवर बसून एकेक पुस्तक बाहेर ओढलं. खरं सांगायचं तर मी माझं शोधत होतो. ते तिथं नव्हतं. जीव हलका झाला. मग कपाट बघितलं. तिथंही नव्हतं.

“तुमचं होय? ते उशाशीच असायचं,” वहिनी म्हणाल्या आणि गादीखालून त्यांनी ते काढून दिलं. “बोटानं दाखवून मला रोज तेच पान काढायला लावायचे. मी पुस्तक धरायची, ते डाव्या हातानं पेन्सिल फिरवायचे. चार-पाच दिवस चाललं होतं. काय लिहीत होते, मला काय कळलं न्हाई.”

एकशेबारावं पान. समासात ‘कशावरनं?’ नव्हतं. माझ्या त्या शेवटच्या, ‘जुनी रीत’वाल्या वाक्यावर एक वाकडीतिकडी रेघ होती आणि शेजारी, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात, ‘असं सां’ एवढंच. पुढं पेन्सिल घसरत खाली गेली होती. मी तिथंच, त्या पुस्तकांच्या ढिगात बसून मोठ्यानं रडलो.

त्याच संध्याकाळी प्रकाशकांना फोन करून छपाई थांबवली. पाचव्या आवृत्तीत गंगू आहे, ती रीत नाही. दोन्ही गोष्टी आहेत, आणि दोन्हींच्या पुढं ‘असं सांगतात’ आहे. आता एखादा वाचक कळवतो की हे पान पूर्वीसारखं राहिलं नाही. बरोबर आहे त्याचं.

या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की शेवटच्या भेटीत शामरावानं माझा हात दाबला आणि मला माफ केलं. वाक्य चांगलं उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचताना तिथंच अडलो. बोटं हलली, एवढंच मी पाहिलं होतं. मान वळवली, तेही पाहिलं होतं. माफ केलं, हे कशावरनं? ते वाक्य मी खोडलं.

वहिनींनी ती प्रत मलाच दिली. कपाटात जागा आहे, पण मी ती तिथं ठेवलेली नाही. माझ्या कॉटखाली आहे.