खिंडीतला माठ

मंडळाचा माणूस दारात उभा राहून आक्काचा फोटो मागत होता, तेव्हा मला कळलं की आक्का गेली. "पासपोर्ट साइझ असला तरी चालेल काकू, आम्ही मोठा करून घेऊ," असं म्हणाला. मी विचारलं, कशाला, सत्कार-बित्कार ठेवलाय का? तो गडबडला... मग एकेक बाहेर आलं. तापाने फणफणलेल्या आक्काला डोंगरातून खाली आणलं, तालुक्याच्या दवाखान्यात ती सकाळीच गेली, आणि तिच्या पिशवीत सापडलेल्या नंबरावर कोणीतरी पीसीओवरून फोन केला. तो नंबर मंडळाच्या ऑफिसचा. मंडळाने आधी हॉल सांगितला, मग हार सांगितले, आणि फोटो कमी पडला तेव्हा त्यांना तिच्या घरच्यांची आठवण झाली. मी त्याला फोटो दिला नाही. चहाही दिला नाही. सुरतेत संसार थाटल्यापासून माझ्या दारातून बिनचहाचा गेलेला तो पहिलाच माणूस, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. मी धुळ्याची. गावात सिनेमाचं थेटर होतं एवढ्या भांडवलावर स्वतःला शहरातली समजणारी. सासर तळोद्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. सासऱ्यांचं किराण्याचं दुकान, बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं मीठ-तेल न्यायला उतरायची, त्यांच्यात वाढल्यामुळे त्यांची बोली आक्काच्या तोंडात मुरलेली. मी तिच्या पाठीमागे तिला 'जंगलवाली' म्हणायचे. लग्नानंतर आम्ही सुरतेत आलो, लवकर विधवा झालेली आक्काही आली आणि मराठी शाळेत मास्तरीण झाली. मी मात्र नायलॉनच्या साड्या नेसून, गुजराती शेजारणींशी चुकीचं गुजराती बोलत, आपण केवढ्या पुढारलो म्हणून गच्चीवर मिरवत होते. आज तेव्हाची ती मी मला रस्त्यात भेटले तर तिची वेणी ओढून घरी पाठवीन. आक्काला सगळं दिसायचं. काही कष्टाचं काम निघालं की ती एवढंच म्हणायची, "बठ तू, शकू. तुनी साडी खराब हुई जाई."

ती रिटायर झाली त्या सुमाराची गोष्ट. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये डोंगरातल्या मजुरांची आपसात मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली. दवाखान्यात त्यांची भाषा कोणाला कळेना म्हणून कोणीतरी आक्काला बोलावून नेलं. ती दोन खाटांच्या मध्ये स्टूल टाकून बसली आणि उशिरा परतली. रात्री भाकरी मोडता मोडता म्हणाली, "दोघं शेजारी खाटेवर, आणि एकमेकांच्या तांब्यातलं पाणी पिईनात." मग तिने सांगितलं. एका डोंगराचे दोन पाडे, एक वरला, एक खालला. खूप वर्षांमागे एकाचा बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला, कुऱ्हाडी निघाल्या, वरल्या पाड्याचा एक माणूस मेला. तेव्हापासून दोन्हींत सोयरीक नाही, एकमेकांच्या झऱ्याचं पाणी नाही. पोटासाठी सुरतेत उतरले तेही ते भांडण बरोबर घेऊन. "त्या दोघांना तो बैल आठवतसुद्धा नाही गं," आक्का म्हणाली. "त्यांची पोरं तरी एका जागी बसली पाहिजेत." मी विचारलं, कुठे? तर म्हणे, शाळेत. मी हसले. मोठ्याने हसले, शेजारणीला ऐकू जाईल असं.

शाळेसाठी पैसा पाहिजे, पैशासाठी मंडळ पाहिजे. सुरतेतल्या आपल्याच मराठी लोकांचं एक मंडळ पुढे आलं. त्यांनी खालल्या पाड्यात शाळा बांधली, कारण ट्रक तिथपर्यंत जात होता. ट्रक जिथे थांबतो तिथे देशाची प्रगती थांबते हे मला उद्घाटनाच्या दिवशीच कळायला हवं होतं, पण मी रिबिनीच्या बाजूला उभी राहून जॉर्जेटच्या साडीत स्वागतगीत म्हणण्यात गुंतले होते. आवाज चिरकला, तरी कडवी सगळी म्हटली. शाळा नवी कोरी, पत्रे चकचकीत, आणि वरल्या पाड्याचं एकही पोर आलं नाही. शाळा त्यांच्या वैऱ्याच्या अंगणात, येतील कशाला? पुढे एका सकाळी अर्धे पत्रे गायब. वरल्यांनी आपला वाटा नेला होता; मंडळाने 'दोन्ही पाड्यांसाठी' असं भाषणात सांगितलं होतं, त्यांनी ते खरं मानलं. खालल्यांनी मग उरलेले आपल्या गोठ्यांवर चढवले.

मंडळ चिडलं. आक्का नाही चिडली. दोन्ही पाड्यांत आठवडा आठवडा जाऊन राहिली आणि तिने पुन्हा शाळा मांडली, पाड्यात नव्हे, मधल्या खिंडीत. खांब वरल्यांनी द्यायचे, बांबूच्या कुडाच्या भिंती खालल्यांनी विणायच्या. वरल्यांनी खांब काढले तर कूड आडवा होणार, खालल्यांनी कूड सोडवला तर उघड्या खांबांचं करायचं काय? घर उभं राहिलं तर दोघांचं, पडलं तर कोणाचंच नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "आक्का, ही काय शाळा? फोटोत झोपडी दिसते." आक्का म्हणाली, "मग फोटो काढू नका."

पहिल्या हिवाळ्यात मी वर गेले. उपकार करायला गेले, असं म्हणते, कारण तेव्हा मला तसंच वाटत होतं. डब्यात चिवडा, पायात सँडल, तीही टाचेची. सँडलने पहिल्याच चढावर रामराम ठोकला. शाळेत माठ रिकामा दिसला, म्हणून शहाणपणाने जवळच्या झऱ्यावर गेले, दोन खेपा केल्या, माठ काठोकाठ भरला आणि पोरांना चिवडा वाटला. तिखट चिवडा. निम्मी पोरं पाणी प्यायली. निम्मी प्यायलीच नाहीत. एक मुलगी नाकातून पाणी गळेपर्यंत हाशहूश करत होती, पण माठाकडे पाहीना. मी तिच्या तोंडाशी भांडं नेलं तर तिने दात घट्ट मिटले. झरा खालल्या पाड्याचा होता... आक्का आली, तिने एकदा माठाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ओत ते." मी म्हटलं, आक्का, कंबर मोडली माझी! "कंबर मागून पाहू. ओत."

दुसऱ्या दिवसापासून तिने नेम घातला. प्रत्येक पोराने येताना घरून तांब्याभर पाणी आणायचं आणि माठात ओतायचं, ओतल्याशिवाय आत बसायचं नाही. पहिलं भांडं ती स्वतः प्यायची, सगळ्यांच्या देखत. वरल्या पाड्याचा एक बाप तरातरा चालत आला. आमच्या पोरांना त्यांचं पाणी पाजता? आक्काने माठ त्याच्यापुढे सरकवला. "यात तुमचंही आहे. त्यांचं तेवढं वेगळं काढ आणि फेकून दे, माझी ना नाही." तो बराच वेळ माठात वाकून पाहत राहिला. जाताना म्हणाला, मास्तरीण वेडी आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरीच्या हातात तांब्या होता. नाकातून पाणी गाळणारी ती हीच, जमना तिचं नाव.

पुढे एका पावसाळ्यात पुन्हा कोणाचा तरी बैल वरल्यांच्या नागलीच्या शेतात शिरला. एका पाड्याची पोरं तो हाकत खिंडीपर्यंत घेऊन आली, दुसऱ्या पाड्याची तिथून घेऊन गेली, आणि संध्याकाळी दोन्हीकडे चुली नेहमीसारख्या पेटल्या. एवढंच झालं. कुठल्या पेपरात येण्यासारखं काही नाही. माझ्या मते तेवढ्यासाठीच आक्का जगली.

आणि आता शोकसभा. सुरतेतच, भेस्तानच्या हॉलमध्ये मोठा केलेला फोटो होताच, कुठून तरी मिळवलाच त्यांनी, आक्का त्यात डोळे मिटलेली. स्टेजवर सील केलेल्या पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि जाहीर केलं: आक्कांच्या स्मरणार्थ मंडळ आता दोन पक्क्या शाळा बांधणार, स्लॅबच्या, एक वरल्या पाड्यात, एक खालल्या पाड्यात, आणि खिंडीतली झोपडी उतरवणार. "लेकरांची पायपीट थांबेल." टाळ्या... शोकसभेत टाळ्या! माझं डोकं फिरलं. मी उठले आणि जागेवरूनच ओरडले, की अहो, ती पायपीट म्हणजेच शाळा होती! जन्मभर जिने दोन टोकं एका जागी आणली, तिच्याच नावाने तुम्ही ती पुन्हा तोडताय, आणि वर फुलं वाहताय? अध्यक्ष माइकवर हळू आवाजात म्हणाले, "काकू भावनावश झाल्यात, साहजिक आहे." एक पोरगा माझा दंड धरून म्हणाला, "बा, तमे बेसो ने." मी बसले नाही. आयुष्यभर साडी खराब होईल म्हणून बसून राहिले, आता कशाला बसू?

बाहेर आले तर चपलांच्या ढिगाशेजारी जमना उभी. आता ती बाई झालीय, कडेवर मूल. तिच्यासोबत खालल्या पाड्याची रुमा, तिच्याच वर्गातली. ट्रकने, एसटीने, दोघी एकत्र आल्या होत्या. पायाशी पाच लिटरचा तेलाचा प्लास्टिकचा डबा. त्या माठातलं पाणी, आक्काच्या फोटोपुढे ठेवायला आणलेलं. दारावरच्या स्वयंसेवकाने बाहेरचं पाणी चालणार नाही म्हणून चपलांत ठेवायला लावलं. मला त्या क्षणी हॉलला काडी लावावीशी वाटली. लिहिताना शाई कागदातून खाली उतरतेय, इतका राग अजून आहे.

दोघी रात्री माझ्याकडे राहिल्या. रुमाने खरं ते सांगितलं. तिच्या पाड्यातले काही पुरुष स्लॅबला हो म्हणून बसलेत. पावसात नाला भरतो, लहान पोरांचे हाल होतात, हेही खोटं नाही. "नाल्यावर साकव बांधा म्हणावं," जमना म्हणाली, "शाळा कशाला तोडता?" मी तोच निरोप अध्यक्षांना त्यांच्या दुकानावर जाऊन दिला. ते म्हणाले, पाहू. पावसाळ्यानंतर सिमेंट वर जाणार आहे. त्याआधी मी वर जाणार आहे, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत. टाच नसलेल्या चपला घेतल्यात.

डबा माझ्या ओट्यावर आहे, आक्का आली की जिथे हात टेकून उभी राहायची तिथेच. काल नात त्याचं झाकण उघडून वास घेत म्हणाली, "आजी, आ पाणी वासी थई गयुं. फेंकी दऊं?"

"फेक," मी म्हटलं. "पण आधी वरल्या पाड्याचं वेगळं कर आणि खालल्या पाड्याचं वेगळं. मग फेक."

तिने डब्यात वाकून पाहिलं. मग झाकण लावलं.