वरून खाली येणारी शांतता

कोणत्याही घरात पाऊल टाकलं की तो आधी एक टाळी वाजवायचा. एकच, कोरडी, तळहात थोडे पोकळ धरून. मग मान तिरकी करून खोलीचं उत्तर ऐकायचा. आमच्या बैठकीत त्याने टाळी वाजवली आणि म्हणाला, "बाई, तुमची खोली भलती वटवट करते. जाड पडदे लावा, नाहीतर पिच्चरमधले लोकं बादलीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटतीन."

सई, ईशान, तुमच्या बाबांनी होम थिएटरचा तो मोठा खोका पाठवला तेव्हा तुम्ही फोनवर विचारत होतात, "आजी, तुला हे जोडून कोण देणार?" ज्याने जोडून दिलं त्याच्याबद्दल आज लिहिते आहे. तुमच्या दोघांच्या कानांत दिवसभर काहीतरी खुपसलेलं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रिसोडात त्याला सगळे 'आरएमएस' म्हणत. शाळेत मी त्याला इंग्रजी शिकवलं, आणि तो जेमतेम पास व्हायचा. पुढे त्याने स्टँडच्या मागे रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान काढलं. कोणी नवी म्युझिक सिस्टिम घेऊन आला आणि 'पाच हजार वॅट' म्हणून मिरवू लागला, की हा चष्म्यावरून बघत एवढंच विचारायचा, "थे राहू दे. आरएमएस किती?" त्यावरूनच ते नाव पडलं.

मी त्याला एकदा विचारलं, खोक्यावर पीएमपीओ आणि आरएमएस असे दोन आकडे कशाला? तो म्हणाला, "बाई, पीएमपीओ म्हणजे माणूस विहिरीत पडताना एकदाच जे बोंबलते थे. आरएमएस म्हणजे थोच माणूस रोज घरात बोलते थे. नांदायचं कोणासंगं हाये, थे पाहून घ्यावं." इतकी वर्षं मी व्याख्या शिकवल्या, अशी एकही मला सुचली नाही.

आमची देवघेव अशी होती. इंग्रजी माहितीपत्रकं तो माझ्याकडे आणायचा. मी शब्द वाचून दाखवायची, अर्थ तो सांगायचा. इम्पीडन्स हा शब्द मी फळ्यावर बिनचूक लिहिला असता, पण ती काय चीज आहे ते त्याने सांगितलं. ओहमचा आकडा जितका कमी, तितका स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरमधून जास्त वीज ओढतो. दुबळ्या अ‍ॅम्प्लिफायरला असा ओढणारा स्पीकर लावला तर? "काही नाही होत बाई. लोकं नाचत राह्यते, अन् मांगं अ‍ॅम्प्लिफायर गुपचूप जळत राह्यते. पह्यले वास येते. आवाज नंतर जाते."

डेसिबलची त्याला भीती वाटायची. इतर आकड्यांची तो थट्टा करायचा, याची नाही. "तीन डेसिबल वाढवले की ताकद दुप्पट होते. पण कानाले वाटते, उलसंक, जरासंच वाढलं. म्हणून माणूस अजून वाढवते. थ्या उलशाकातच घात हाये."

ही भीती त्याला कुठून आली ते मला उशिरा कळलं. पंचवीस वर्षं तो लग्नांच्या वराती, जयंत्या, मिरवणुका वाजवत होता. स्पीकरचे लाकडी डबे स्वतः बांधायचा आणि स्वतःच त्यांच्या शेजारी उभा राहायचा. एकदा दुपारी माझ्याकडे चहा पिताना सहज म्हणाला, "एका वर्षी मले वाटलं, गावातले रातकिडे कमी झाले. फवारणीनं मेले असतीन. बायकोले म्हटलं तर थे म्हणे, काहून? कालच तर झोपू देत नव्हते." मग त्याने हिशेब लावला. जन्मतः कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याचे बारा हजारांच्या वरचे गेले होते. पुढे बायकोच्या बांगड्या गेल्या, मग कुकरची शिट्टी. "वरून खाली येते बाई हे. कोणी माडीवरचे दिवे मालवत मालवत जिना उतरून राह्यलं तसं. खालच्या खोलीत माणसाचं बोलणं हाये. तिथलोक यायले टाइम हाये अजून."

तो हे एखाद्या जळालेल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल बोलावं तसं बोलला. माझा चहा मात्र निवला.

वराती त्याने सोडल्या. विहारातल्या वंदनेचा साउंड तेवढा ठेवला, तोही इतका हळुवार की भन्तेजींनी श्वास घेतलेला ऐकू यावा. पण डीजेची गाडी घरातून गेली नव्हती. ती आता त्याचा मुलगा चालवत होता. राजरत्न, सव्वीस वर्षांचा, उमदा, हसरा, आसेगावपासून कामरगावपर्यंत मागणी असलेला. लोकांना छातीत धडधड हवी असायची आणि राजरत्न ती पुरवायचा.

तुमचा खोका जोडायला बापलेक दोघे आले होते. पुढचे तीन, मागचे दोन आणि जमिनीवरचा जाड आवाजाचा डबा. आरएमएसने टेपने माझ्या खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं, मी स्क्रीनवरचं इंग्रजी वाचत गेले, राजरत्नने आकडे भरले. शेवटी आरएमएस म्हणाला, "बाई, बारीक आवाजाची तपासणी माह्याच्यानं होत नाही. तुमी दोघं कान द्या. शिट्टी वाजन, थे वर वर जाईन. ऐकू येते तोवर बोट वर ठेवा."

मोबाईलवरून त्याने शिट्टी सुरू केली. तिघांचीही बोटं वर. चार हजारांवर त्याने स्वतःचं बोट खाली घेतलं, नेहमीसारखं. पाच हजार. सहा हजार. राजरत्नचं बोट खाली आलं. त्याने हसून वायरी गुंडाळायला घेतल्या, जणू शिट्टी संपली होती.

माझं बोट वर होतं. मी बहात्तर वर्षांची, आणि ती सुईसारखी शिट्टी मला स्वच्छ ऐकू येत होती. सात हजार. आठ हजार. आरएमएस माझ्या बोटाकडे बघत होता, मग मुलाच्या वाकलेल्या मानेकडे. मला बोट खाली घ्यावंसं वाटलं. घेतलं असतं तर ते खोटं बोलणं झालं असतं.

"राजा, पुन्यांदा ऐक."

त्याने तीनदा ऐकवलं. तिन्ही वेळा तेच.

"मोबाईल खराब हाये बाबा," राजरत्न म्हणाला. "आजी, तुमचे कान भारी हायेत बरं! या एखाद्या वरातीत."

आरएमएस हसला नाही. दारात चपला घालताना मला म्हणाला, "सव्वीस वर्षाच्या पोराले सोळा हजार आलं पाह्यजे बाई. मी त्याच्या वयात होतो तवा एवढं गेलं नव्हतं. माह्यापेक्षा जल्दी जिना उतरून राह्यलं हे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी दुकानात बसले असताना राजरत्न तणतणत आला. त्याच्या मुठीत एक लहानशी हिरवी पट्टी होती, वायरी तुटलेल्या. आवाज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ न देणारा लिमिटर. बापाने न सांगता त्याच्या मशीनमध्ये बसवला होता.

"बाबा, हे तुमी लावलं?"

"मीच लावलं."

"आसेगावच्या वरातीत लोकं माह्या तोंडावर हसले! म्हणे डीजे आणला का विहारातला भोंगा?"

"हसू दे. हसणं ऐकू आलं ना तुले? मले थेच पाह्यजे होतं."

"तुमी जिंदगीभर वाजवलं, थे चाललं. मले कायले अडवून राह्यले?"

"मी वाजवलं म्हणूनच."

राजरत्न ओरडत होता म्हणून बापाला सगळं ऐकू गेलं. पट्टी टेबलावर आपटून तो निघून गेला. आरएमएसने ती उचलली, तुटलेल्या वायरी सरळ केल्या आणि डबीत ठेवली. "थे स्पीकरचे डबे मीच बांधले बाई," एवढंच म्हणाला.

वर्षभरात त्याच्या खालच्या खोलीतला दिवाही मंदावला. "तुमचं बोलणं येते, पण शेंडे छाटून येते," म्हणायचा. अकोल्याहून कानाचं मशीन आणलं. "अ‍ॅम्प्लिफायर चांगलं देलं डॉक्टरनं. पण स्पीकरच जळाला, त्याले काय करता?" मग दुकान राजरत्नच्या हवाली करून तो कामरगावला मुलीकडे जायला निघाला. जायच्या दिवशी माझ्याकडे आला. आता मी कागदावर लिहायची आणि तो बोलायचा. मी लिहिलं, राजरत्नला पुन्हा सांगून पाहा. तो म्हणाला, "थो आता मले तपासू देत नाही. अन् देलं तरी मी कसं तपासणार? मी कायनं ऐकू? तुमी ऐकता अजून. माह्या जागी ध्यान ठेवा. खालच्या खोलीपाशी आलं की मले सांगा. मंग मी येऊन गाडीच्या चाकाखाली झोपतो, पण थे गाडी निघू देत नाही."

मी कागदावर 'हो' लिहिलं.

तेव्हापासून दर महिन्याला मोबाईलवर त्याचा एकच मेसेज येतो: "बाई, पोरगा ऐकते का?" मी दुकानावरून एक फेरी मारायची, राजरत्नशी चार शब्द बोलायची आणि उत्तर लिहायची: "हो, ऐकतो." ते खरं असायचं.

मागच्या आठवड्यात रिमोट दाखवायला गेले. राजरत्नने माझं छान स्वागत केलं, रिमोट उघडला आणि आतल्या पत्र्याला गंज चढलाय असं सांगू लागला. त्याच्या पाठीमागच्या फळीवर त्याचा फोन वाजायला लागला. त्याच्या लहानग्या लेकीच्या हट्टाने त्यात चिमणीची चिवचिव लावलेली आहे, त्या दिवशीच्या शिट्टीपेक्षा कितीतरी जाड, माणसाच्या बोलण्याच्या जरा वरची. बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानेसुद्धा वळून पाहिलं. राजरत्न गंज खरवडत बोलत राहिला. चिमणी थांबली. परत सुरू झाली.

मी फळीवरून फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला. स्क्रीनवर बायकोचं नाव होतं. त्याने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओशाळून हसला.

"सायलेंटवर राह्यला वाटते, आजी," तो म्हणाला. त्याच्या तळहातावर चिमणी ओरडत होती.

काल कामरगावचा मेसेज आला आहे. मी चष्मा लावून तीनदा लिहायला बसले. अजून उत्तर पाठवलेलं नाही, पण तुम्हाला हे पत्र टाकलं की त्याला 'खालच्या खोलीपाशी आलं, या' एवढं लिहून पाठवणार आहे.